ओढ्याच्या खालची गल्ली

जर्मनीत येना गावी सुनेकडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. अजून आठवली की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकते.

सून तिथं भिंगांच्या संस्थेत संशोधन करायची. मी दिवसभर घरी. खालच्या मजल्यावर माझ्याच वयाची एक जर्मन बाई एकटी राहायची. तिला मी ताई म्हणायचे. सुनेनं तिला त्याचा अर्थ सांगितलेला, तेव्हापासून बाईसाहेबांचा तोरा काय विचारता! मला जर्मन येईना, तिला मराठी. पण भाजी निवडताना दोन बायकांचं काय अडतं? मोठं बोलणं असलं की सून दुभाषी व्हायची.

ताईचं जन्मगाव पलीकडं, चेक देशात. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं, तेव्हा ती दहा वर्षांची. तिनं कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला मला अख्खं गाव काढून दाखवलं. वर टेकडी, तिच्यावरून उतरणारा ओढा, मधे तळं, तळ्याकाठी चर्च, खाली पाणचक्की. कुणाच्या अंगणात अक्रोड, कुणाच्या परसात मधमाश्यांच्या पेट्या, सगळं.

मी ओढ्यावरून बोट फिरवत पाणचक्कीच्या खाली नेलं. "आणि इथं कोण राहायचं?"

"कोणी नाही. गाव चक्कीपाशी संपतं."

मला पटलं नाही. आम्हाला गावाचा भूगोल पाण्यावरून कळतो. पाणी आधी गावाला, उरलंसुरलं खाली आम्हाला. बाबासाहेबांच्या मागं बौद्ध झालो तरी आमची वस्ती काही वर सरकली नाही. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला होता. देऊळ, चावडी, पाटलाचा मळा, सगळं होतं. आमची वस्ती असायला हवी तिथं रंगाऱ्यानं कमळ काढलं होतं. चांगलं मोठं, गुलाबी.

एका शनिवारी सुनेनं गाडी काढली आणि ताईचं गाव बघायला आम्ही तिघी निघालो. सरहद्दीवरची चौकी ओस पडलेली, कुणी हटकलं नाही. गाव सापडलं. चर्चसमोर नवा फलक, त्यावर गावाचा इतिहास, चेकमध्ये आणि खाली जर्मनमध्ये. सून वाचत गेली. गाव कधी वसलं, आग कधी लागली, तळं कुणी खोदलं. मग एक ओळ: लढाईनंतर गाव रिकामं झालं आणि नवे लोक राहायला आले.

ताईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. माझा तर संताप झाला. "रिकामं झालं म्हणजे काय गं? हंडा रिकामा होतो. गाव आपोआप रिकामं होतं का? करतात ते!" सुनेनं जर्मनमध्ये सांगितलं तशी ताई माझा हात घट्ट धरून म्हणाली, "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. आपण काढलेला नकाशा आणि एक पत्र पंचायतीला पाठवायचं, आमच्या माणसांची नावं या फलकावर लावा म्हणायचं, असं तिनं तिथंच ठरवलं. पत्र सुनेनं टाइप करायचं.

मग मी ओढ्याच्या कडेनं खाली चालत गेले, त्या दोघी माझ्या मागोमाग. चक्कीच्या पुढं खाजकुयलीसारखं अंगाला झोंबणारं रान माजलेलं, आणि त्यात दगडी पायऱ्या. एक, दोन, पाच घरांच्या. एका जोत्यातून झाड वर आलेलं.

"ताई, हे काय?"

ती थांबली. "ते होय. ती गावातली नव्हेत. टोपल्या विणायचे, कापणीला यायचे. जिप्सी."

"गेले कुठं?"

"लढाईत एकदा ट्रक आला. मग गल्ली रिकामी झाली."

सुनेनं ते मराठीत सांगितलं, हिटलरच्या लोकांनी जिप्सींना छावण्यांत नेऊन मारलं एवढं स्वतःचं जोडलं आणि आमच्याकडं बघेना. मी म्हटलं, "सांग तिला. मघाशी वर मी काय म्हणाले, तेच परत सांग."

"अहो आई, राहू द्या ना. म्हातारी आहे."

"मी काय तरणी आहे? सांग!"

तिनं सांगितलं. ताई वळली आणि गाडीत जाऊन बसली. डब्यातली थालीपिठं तशीच परत आली. वाटेत मी एवढंच म्हटलं, "नकाशात ही गल्ली येईपर्यंत पत्र टाइप करायचं नाही." सून म्हणाली, "तुमची मैत्रीण जाईल हं आई." जाईल तर जाईल! माणूस स्वतःवरच्या अन्यायाला ओरडतो आणि शेजारच्यावरचा बोचक्यात बांधून लपवतो, हे मी आयुष्यभर बघितलंय. आपल्या ताईकडून नको होतं.

आठ दिवस जिन्यात गाठ पडली की ती भिंतीकडं बघायची. नवव्या दिवशी तिनं बेल वाजवली आणि नकाशा माझ्या हातात दिला. चक्कीच्या खाली पेन्सिलीनं पाच चौकोन. एकापाशी लाल दार लिहिलेलं, एकापाशी कुत्रा, त्याचा कान फाटका होता एवढंसुद्धा.

"आणि माणसांची नावं?" मी सुनेकरवी विचारलं.

"आम्हाला तिकडं जायला बंदी होती. नावं कधी विचारलीच नाहीत."

फाटका कान आठवतो! मी तिला आत घेतलं, चहा टाकला, पण मनातून तापलेलीच होते. सुनेला म्हटलं, "टाइप कर. त्यात हेही लिही की या पाच घरांची नावं ताईला माहीत नाहीत. तिच्या सहीनिशी."

ताईनं चहा संपवला, चष्मा लावला, आणि सही केली.