दोष काडतुसाचा

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग न्यूझीलंडमधलं पापाकुरा. ऑर्डर मुलीने काढली. मेघना इथे फार्मसिस्ट आहे. मी सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालो, पाठोपाठ तिची आई गेली, आणि हिने थेट तिकीटच पाठवलं. सुभेदाराला नाही म्हणता येतं, बापाला येत नाही.

शेजारी रॉन. ऐंशीच्या घरातला, न्यूझीलंडच्या फौजेतला जुना कॉर्पोरल, बारा महिने शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या रबरी चपलांत. त्याला थ्री-नॉट-थ्री रायफलींचं वेड. त्या रायफलवर मीही हात बसवलेला, त्यामुळे ओळख लवकर झाली. शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजमध्ये आमचा फटीग, म्हणजे फौजी अंगमेहनत, चाले. त्याने फौजेची जुनी शिल्लक काडतुसं स्वस्तात घेतली होती आणि त्यांतली बरीचशी उडतच नसत. ती आम्ही उघडायचो. दारू आणि ती पेटवणारी टोपी बाद. गोळी मात्र खणखणीत. ती नव्या पुंगळीत, नव्या दारूवर पुन्हा चालायची. लायसन रॉनचं, हमाली माझी.

एक पेटी सीलबंद निघाली. आतली काडतुसं नव्यासारखी चमकत होती.

"दीज आर स्वीट ॲज," रॉन म्हणाला, म्हणजे एकदम झकास, आणि ती त्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर घेऊन गेला. मी त्याच्या मागे उभा होतो.

दुसऱ्याच काडतुसाला नुसती टक् झाली. "मिसफायर!" रॉनने आवाज दिला. अडलेलं काडतूस उशिराही उडू शकतं, म्हणून नळी टार्गेटकडे ठेवून तो थांबला. नियमाएवढा थांबला, वर थोडा आणखी थांबला. मग त्याने बोल्ट उघडला, आणि काडतूस बाहेर येता येता फुटलं.

"सीझ फायर!" रेंज ऑफिसर डेबी ओरडली.

पितळेच्या तुकड्याने रॉनचा गाल चिरला. चष्म्यामुळे डोळा वाचला. हे मी पूर्वी एकदा पाहिलं होतं.

नायक शिवाजी खोत. आम्ही दोघे एनसीसीच्या एका कॅम्पवर इन्स्ट्रक्टर होतो. एका कॅडेटची रायफल चालली नाही. खोतने ती स्वतःच्या हातात घेतली, कॅडेटला मागे पाठवलं, थांबला, बोल्ट उघडला. तुकडा त्याच्या गळ्यात शिरला. हॉस्पिटलपर्यंत पोहोचलाच नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सांगितलं की तो पुरेसा थांबला होता.

"घडी देख रहे थे?" साहेबांनी विचारलं.

"नहीं साब. खोत को देख रहा था."

निकाल लागला: खोतने ड्रिल पाळलं नाही.

क्लबच्या कमिटीनेही तेच तुणतुणं लावलं. रॉनने घाई केली, त्याचं वय झालं, आता फायरिंग लाइनवर नको, हवं तर चहाचं टेबल सांभाळावं. रॉन भांडलाही नाही. "मेबी आय रश्ड इट, मेट," एवढंच मला म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगला सोल्जर स्वतःवरच शंका घ्यायला लागला होता.

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका हं," मेघना म्हणाली. "नाचता येईना अंगण वाकडं, असंच वाटेल त्यांना."

"कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं," मी म्हणालो.

मीटिंगला गेलो. माझी मागणी एकच: त्याच पेटीतली काडतुसं पुन्हा लावा. रायफल शिकंज्यात, ट्रिगरला दोरी, सगळे भिंतीआड. रायफलला हात कोणाचाच नको.

"आणि सगळी नीट उडाली तर?" प्रेसिडेंटने विचारलं.

"तर माफी मागेन. वर चहाही मीच करेन."

"फेअर इनफ," डेबी म्हणाली.

पहिली काही उडाली. प्रेसिडेंट माझ्याकडे बघायला लागला, मी समोर बघत राहिलो. मग डेबीने दोरी ओढली आणि टक् झाली. आम्ही थांबलो. नियमाची वेळ संपली. प्रेसिडेंट भिंतीआडून बाहेर निघाला, तसं मी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. "थांब!" तोंडातून मराठीच निघालं. त्याने रागाने मान वळवली आणि रायफल धडाडली.

तो मुकाट्याने पुन्हा भिंतीआड आला.

"आता कोणाचा हात चुकला?" मी विचारलं. रॉनचं नाव त्याच दिवशी लाइनवर परत आलं.

उरलेली पेटी आम्ही गॅरेजमध्ये उघडली. दारूची ढेकळं झालेली, म्हणून ती उशिरा पेटत होती. ती डेबीने नेऊन रीतसर जाळली. गोळ्या रॉनने पुसून पुन्हा भरल्या. कमिटीतल्या एकाने सुचवलं, त्याही फेकून द्या. "नो," रॉन म्हणाला. पहिल्यांदाच आवाज चढवला त्याने. मला बरं वाटलं.

अँझॅक डेला, म्हणजे इथल्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाला, क्लबची एक पद्धत आहे. पहिली गोळी झाडण्याआधी प्रत्येकाने आपल्या गेलेल्या एका साथीदाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. रॉनने त्याच्या साथीदाराचं नाव घेतलं, त्या गोळ्यांतली एक झाडली, आणि रायफल माझ्या हातात दिली.

तिकडे फायलीत खोतची चूक अजून तशीच लिहिलेली असेल. असेना. मी आडवा झालो, बट खांद्याला लावला आणि परेड ग्राउंडवर द्यायचो तसा आवाज दिला.

"नायक शिवाजी खोत. तो पुरेसा थांबला होता. ही वेटेड लाँग इनफ."

आणि फायर केलं.