धक्क्यावरची वही

मढला आमच्या धक्क्यावर गावकमिटीने पाहुण्यांसाठी एक वही ठेवली आणि आईला पहिल्याच दिवशी तिचा वहीम आला. ऐंशीनंतरची ती वर्षं. बंगल्यांत शूटिंगवाले, रविवारी सहलीवाले, अशी गावात वर्दळ वाढली होती. गावात काय कमी आहे ते त्यांनी लिहायचं आणि कमिटीने सुधारायचं, ही अध्यक्षांची कल्पना. आई म्हणाली, "दोन घटका येनारी मानसं आपल्याला सांगनार, गाव कसा ठेवाचा? यात कायतरी हाय गो."

मला राग होता तो वेगळाच. धक्क्यावर दिवा हवा म्हणून बायकांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका पाहुणीने 'अंधारात पाय घसरला' एवढी ओळ लिहिली आणि महिन्याभरात दिवा लागला. मी अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते, स्वतःला हुशार समजत होते. कमिटी पाहुण्यांचंच ऐकते ना, मग पाहुणे आपण आणू, असं मी ठरवलं.

पहाटे मासळी उतरवायला जाणाऱ्या बायकांना धक्क्यावर संडास नव्हता. झुडपांआड बसायचं आणि कुणी येतंय का याकडे कान लावायचे. एका रविवारी ऑफिसातल्या तीन मैत्रिणींना मी घरी जेवायला बोलावलं. परतताना त्यांना वहीपाशी नेलं नि म्हटलं, "एवढं लिहा गं, बायकांसाठी संडास पाहिजे." तिघींनी हसत हसत लिहिलं. बोट सुटत होती, मी वाचलं नाही. आईलाही यातलं काही सांगितलं नाही.

पुढे कमिटीचा ठराव झाला. संडास मंजूर. जागा मात्र नेमकी तीच, जिथे आई बांबूंवर बोंबील वाळत घालायची. तिथे समुद्राचा वारा थेट येतो, माल दोन-तीन दिवसांत कडकडीत होतो. बदली जागा मिळाली घरांच्या पाठीमागे, दमट, कोंदट. तिथे बोंबील वाळण्याआधी कुजणार हे आमच्या मांजरालाही कळलं असतं. कमिटीने कारण दिलं, वासाबद्दल पाहुण्यांची तक्रार आहे.

आईला तो डाव वाटला. शेजारच्या बंगलेवाल्याशी अध्यक्षांचं मेतकूट जमलं होतं आणि बंगल्याच्या खिडक्या बरोबर आईच्या बांबूंकडे उघडत होत्या. "अध्यक्षानंच लिवलंय, पाहुन्याचा नाव करून," ती म्हणाली. मलाही ते पटलं. अध्यक्षांची बायको आईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्याशीही आई आता तोलूनमापून बोलू लागली. शेवटी मला म्हणाली, "तू शिकलेली हायेस. वही बघून ये. कोनाचा अक्षर हाय ता सांग."

मी धक्क्यावर उभ्या उभ्या पानं उलटली. संडासाच्या दोन ओळी, खाली दोन सह्या. त्याखाली तिसरीने लिहिलेलं, 'संडास हवाच. पण बोटीतून उतरताच सुक्या मासळीचा वास येतो, असह्य होतो. ती दुसरीकडे हलवावी.'

ते अक्षर मी रोज बघत होते. त्याच अक्षरातले मसुदे माझ्या टेबलावर टायपिंगला यायचे. दुपारी ती माझ्या शेजारी बसून डबा खायची. आमच्या घरी आईच्या हातचे बोंबील तिने दोनदा मागून घेतले होते.

घरी आले तर आई दारातच होती. "त्याचाच ना?"

खरं सांगायचं तर त्या तिघींना कुणी आणलं, वहीपाशी कुणी नेलं, हेही सांगावं लागलं असतं. मी भ्याले. म्हणाले, "हो, त्यांचंच."

संडास बांधला गेला, चांगला बांधला. बायकांचे हाल संपले. आई दोन मोसम मागच्या जागेत झगडली, मग सुकवणं सोडून ओल्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पार वाकोल्यापर्यंत फिरू लागली. अध्यक्षांच्या घराची पायरी ती पुन्हा चढली नाही. ते समोरून आले की ही रस्ता बदलायची. त्या माणसाला कळलंही नसेल की आपल्यावर कसला आळ आहे.

आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा अध्यक्षांची बायको तिला बघायला आली. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती बिचारी उंबऱ्यातूनच माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "माजा काय चुकला गो?"

मी म्हटलं, "आईला आता माणसं ओळखू येत नाहीत."