शुक्रवारची सुट्टी

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत, मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमची सहा जणांची कंपनी होती. एका कॉम्प्युटरवरच्या फाइली दुसऱ्या मशीनवरून उघडता याव्यात म्हणून लागणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी आणि माझा मित्र मिळून लिहीत होतो. फाइल शोधण्याचा भाग माझा, आणलेली फाइल जवळ साठवण्याचा त्याचा.

वसाहतीला सुट्टी शुक्रवारी, कारण त्या दिवशी वीज नसे. शुक्रवारी बायको ऑफिसात, मुलगी शाळेत. रविवारी त्या घरी आणि मी गाळ्यात. मित्र खडवलीहून शुक्रवारी माझ्याकडे यायचा. मी पिठलं-भात करायचो, तो त्याला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायचा.

आमचा ड्रायव्हर नौपाड्यातल्या एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसात बसवला आणि आठव्या-नवव्या दिवशी त्यांचं मशीन ठप्प झालं. मग पुन्हा तसंच. कुठेतरी मेमरी गळत होती. ड्रायव्हरने कामापुरती मागून घेतलेली जागा, शेजारणीचा डबा घरातच राहून जावा तशी, परत केली जात नव्हती. आमच्या गाळ्यात मात्र सगळं सुरळीत चालायचं. साहेबांनी मला एकट्याला बोलावून विचारलं, चूक कुणाच्या भागात आहे? मी काहीही न तपासता सांगितलं, साठवण्याच्या भागात असणार. मेमरी जास्त तिथेच लागते, असं कारणही दिलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

साहेब माझा हवाला देऊन त्याला सगळ्यांदेखत बोलले. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने दोन आठवडे मान खाली घालून शोधलं, काही सापडलं नाही, आणि राजीनामा दिला. त्यानंतर शुक्रवारी मी एकट्यापुरता भात लावायला लागलो. तो नेहमी जास्तच व्हायचा.

त्याचा भाग मी पहिल्यापासून नव्याने लिहिला. नौपाड्याचं मशीन तरीही नवव्या दिवशी थांबलं.

मग आमच्याकडे का थांबत नाही? हे कळायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सगळी मशीनं बंद करायचो, शनिवारी सकाळी पुन्हा सुरू करायचो. बंद केलं की अडकलेली सगळी मेमरी आपोआप मोकळी होते. आमचं कुठलंच मशीन सलग सहा दिवसांपेक्षा जास्त चाललं नव्हतं, आणि आम्ही छातीठोकपणे सांगत होतो की ड्रायव्हर चोख आहे.

पुढचे शुक्रवार मी नौपाड्यात, त्या ऑफिसच्या मागच्या खोलीत घालवले. दर तासाला शिल्लक मेमरीचा आकडा वहीत लिहायचा, आणि तेवढ्यात कुणी काय उघडलं ते विचारायचं. तिथे कुणी माझ्याशी कामापलीकडे बोलत नसे. तिसऱ्या शुक्रवारी धागा सापडला. कुणी अस्तित्वातच नसलेली फाइल मागितली की आकडा थोडा उतरायचा आणि पुन्हा चढायचा नाही. फाइल सापडली नाही की माझा भाग ‘नाही’ एवढं सांगून तिथूनच बाहेर पडत होता, घेतलेली जागा परत न करता. माझा भाग. एक ओळ घातली आणि गळती थांबली.

साहेबांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, आता चालतंय ना, मग कशाला उकरून काढता?

पुढच्या शुक्रवारी मी खडवलीला गेलो. मित्र घरीच गणिताच्या शिकवण्या घेत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: चूक माझी होती, आणि तुझं नाव मी न बघता घेतलेलं.

आत जाऊन त्याने कागदांचा एक गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या भागाची छापील प्रत होती. जागा मागितल्याच्या प्रत्येक ओळीपासून ती परत केल्याच्या ओळीपर्यंत लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली, काही पानांवर तीन-तीनदा. शेवटच्या पानावर मागच्याच आठवड्याची तारीख होती.

“अजून शोधत होतास?” मी विचारलं.

“तू सांगितलंस म्हणजे असणारच, असं वाटलं रे,” तो म्हणाला.