दादांचा उखाणा जिथं अडकायचा

मी शाळेत मुलांना शिकवते असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी माहिती भरते. कोणाचं आधार जोडलं, कोणाचं राहिलं, किती जणांनी खिचडी खाल्ली, कोणाला जंताची गोळी दिली. भरताना पडद्याच्या मधोमध एक चक्र फिरत राहतं, आणि ते थांबेपर्यंत मी हातावर हात ठेवून बसते. नोकरीतली निम्मी वर्षं मी त्या चक्राकडं बघण्यात घालवली आहेत. त्यामुळं घरच्या कंप्यूटरवरही तेच चक्र फिरायला लागलं तेव्हा मला राग आला नाही. फक्त बसल्या जागी आडवं व्हावंसं वाटलं.

घरचा कंप्यूटर तसा पेन्शनीत निघालेला. लेकरं पुण्याला शिकायला गेली, जाताना आपापले लॅपटॉप घेऊन गेली, आणि हा बिचारा बैठकीच्या कोपऱ्यात क्रोशाचं झाकण पांघरून बसला. वर्षातून एकदा त्याची धूळ झटकायची, एवढाच त्याचा मान. पण दादा गेले, माय माझ्याकडं परभणीला राहायला आली, आणि येताना कपड्यांच्या पिशवीत लुगड्याच्या घडीत माझ्या लग्नाची सीडी घेऊन आली. सीडी चालेल असं यंत्र घरात तेवढं एकच होतं.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. आमचं गाव चारठाण्याच्या पलीकडं. दादांचं अख्खं आयुष्य मेंढरांमागं गेलं. त्यांची हाक माळाच्या त्या टोकाला जायची, पण ती मेंढरांसाठी. घरात बोलायचं म्हटलं की घशात काटा अडकल्यासारखं करायचे. मायला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. त्या पिढीत कोणीच मारायचं नाही म्हणा. ‘आगं’ म्हणायचे, नाहीतर माझं नाव घ्यायचे, आणि मग आम्ही दोघीही उठायचो.

माय सीडी माझ्या हातात देऊन म्हणाली, “ह्याच्यात बग बरं, तुज्या दादानी माजं नाव घेतलंय का.”

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. माझ्या लग्नात विहिणीची पंगत बसली, आणि माझ्या सासूबाईंनी पानावर हात आडवा धरला. व्याह्यांनी उखाणा घेतल्याशिवाय घास उचलणार नाही म्हणाल्या. विहीण रुसली की भल्याभल्यांची पळापळ होते, तिथं दादांचं काय. त्यांना ओढत आणलं. मी तेव्हा शेजारच्या घरात साडी बदलत होते. माय तर मांडवातच नव्हती, बुंदीच्या कोठीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. मुलीच्या आईनं कोठी सोडली की बुंदी पुरत नाही, हे आमच्याकडं वेदवाक्य. शिवाय भट्टीचा असा घरघराट की शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी बाया तिला चिडवायला लागल्या की मालकांनी तुमचं नाव घेतलं, आणि काय झोकात घेतलं.

“मग तू दादाला विचारलं न्हाईस का?” मी म्हणाले.

“इचारलं की. न्हाई म्हनले. म्हनले, बाया उगी कायबी सांगायल्यात.”

“बाया कशाला खोटं बोलतील माय? घेतलंच असंल.”

“बाया बोलतील. ते कदी खोटं बोलत नव्हते.”

एवढी साधी गोष्ट होती. एवढी वर्षं तिनं ती मनात ठेवली होती आणि दादा असेतो पुन्हा विचारली नव्हती. गावाकडं सीडी लावायला काही नव्हतं. माझ्या सासरची सीडी नातेवाइकांनी बघायला म्हणून नेली ती नेलीच. आम्ही सुरुवातीला एकदा पाहिली होती, पण लग्नाची सीडी सबंध कोण पाहतं? जो तो आपण दिसेपर्यंत पळवतो आणि आपण दिसलो की थांबतो. आता सासूबाई नाहीत, दादा नाहीत, चिडवणाऱ्या बायांतल्याही बऱ्याच नाहीत. ज्यांना आठवतं त्यांना एवढंच आठवतं की लय हसलो होतो.

मी झाकण काढलं, सीडी फडक्यानं पुसली, घातली. व्हिडिओ चालवायचा प्रोग्रॅम उघडला. हळद झाली, अक्षता झाल्या, पंगत बसली. सासूबाई तोंड फिरवून बसलेल्या. कोणीतरी दादांना पाठीमागून ढकललं. दादा खाली बघत पुढं आले, तोंड उघडलं, आणि चित्र तिथंच थिजलं. पडद्यावर पांढुरकी साय धरली आणि वरच्या कोपऱ्यात उमटलं की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही.

माय वाकून त्या उघड्या तोंडाकडं बघायला लागली. मग म्हणाली, “हयातीत बी असंच. तोंड उगडायचे आन गप बसायचे.”

पहिल्या दिवशी आम्ही दोघी यावर हसलो.

त्यानंतर जे सुरू झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शाळेतून यायचं, चहा टाकायचा आणि त्या खोक्यापुढं बसायचं. कंप्यूटर बंद करून चालू केला. प्रोग्रॅम जबरदस्तीनं बंद करायची खिडकी असते, तिच्यात जाऊन त्याचा गळा दाबला. मग तो काढून टाकला आणि नवा उतरवून घेतला. नवाही तिथंच अडकला. दुसऱ्या कंपनीचा घातला, तो अडकला नाही, त्यानं सरळ उडी मारली: सासूबाई रुसलेल्या, आणि पुढच्याच क्षणाला मी जीपमध्ये बसून रडतेय. दादा गायब.

“ह्यो तर त्यांला इचारतच न्हाई,” माय म्हणाली. तिला पहिला प्रोग्रॅम बरा वाटला. त्याच्यात निदान दादा उभे तरी राहायचे.

इंटरनेटवर एक हिंदी बोलणारा गृहस्थ सापडला. तो प्रत्येक वाक्याला ‘दोस्तों’ म्हणायचा आणि सगळा दोष सेटिंगचा आहे असं छातीठोक सांगायचा. त्यानं सांगितलेलं सगळं केलं. चित्राचा भार ज्या पुरज्यावर असतो तो त्याच्यावरून काढला, मग परत टाकला. तात्पुरत्या फायली पुसल्या. त्या पुसताना लेकीच्या दहावीच्या प्रकल्पाची फाईलही पुसली गेली, ते तिला अजून सांगितलेलं नाही. मध्येच लाईट जायची आणि होतं नव्हतं ते पहिल्यापासून. ऑक्टोबरचं ऊन, वर पंखा बंद, आणि माय मागं खुर्चीत बसून विचारायची, “झालं का गं?”

माझे मालक मानवतला जिनिंगवर हिशेब बघतात. कापसाचा सीझन तोंडावर आलेला, त्यामुळं संध्याकाळी येतात ते चिपाड होऊन. एकदा दारातूनच म्हणाले, “मामी, मोबाईलवर किती सिनेमे हायती, लावून देऊ का?”

“सिनेमात ते न्हाईत ना,” माय म्हणाली. ते हात-पाय धुवायला गेले आणि पुन्हा त्या भानगडीत पडले नाहीत.

शेवटी मी सीडीतलं सगळं कंप्यूटरमध्ये उतरवून घ्यायला लागले. हिरवी पट्टी चालत गेली, गेली, आणि मधेच बसली. तिथंच मला कळायला हवं होतं. एक प्रोग्रॅम अडकतो, दुसरा उडी मारतो, नुसती नक्कलही अडकते, म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नाही, सीडीचाच. सीडीच्या चकचकीत बाजूला एक फिकट पिवळा डाग होता, तो मी पहिल्या दिवशीच पाहिला होता. जुनी सीडी अशीच पिवळी पडते असं धरून चालले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं चाललं होतं माझं. पण इतकी थकले होते की विचार करण्यापेक्षा बटणं दाबणं सोपं वाटत होतं. तशी ती शाळेतलीच सवय.

मग दसरा आला. सुट्टी होती म्हणून सकाळी उशिरा उठले. बघते तर मायनं घरातलं सगळं लोखंड पुजायला मांडलेलं. विळी, कात्री, मालकांची पान्हा-पक्कड, शिलाई मशीन. मालकांच्या मोटारसायकलला हार. कंप्यूटरच्या खोक्यालाही हळदीकुंकवाची बोटं आणि वर झेंडूचं फूल. मला बघून म्हणाली, “ती सीडी दे बरं. तिला बी लावते.”

मी दिली. तिनं ओल्या हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात, आणि सीडीच्या चकचकीत बाजूला, बरोबर त्या पिवळ्या डागावर टेकवलं.

“माय,” मी म्हणाले, “तू दर दसऱ्याला लावतीस का हे?”

“लावत असते. दादाची मेंढरं कातरायची कात्री आन ही, दोनी जवळजवळ ठेवायची मी. दुसऱ्या दिवशी पदरानं पुसून ठिवते की.”

“आन ह्याच बाजूला?”

“मग काय तिकडल्या बाजूला? तिकडं तुमा दोगांचा फोटो हाय. नवरा-नवरीच्या तोंडाला डाग लावू का?”

मी सीडी तिच्या हातातून घेतली. किती वर्षांची हळद ती, खोबरेल लागलेल्या बोटानं लावलेली आणि लुगड्याच्या पदरानं घासलेली. तिनं ज्या मायेनं ती सीडी जपली होती त्याच मायेनं दादांचं तोंड बंद केलं होतं. तिला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. “थोडी मळलीय, धुऊन बघते,” एवढंच म्हणाले.

भांड्याच्या साबणाच्या पाण्यात मऊ फडकं भिजवून मी ती मधून कडेकडं हलक्या हातानं पुसत बसले. गोल पुसली तर ओरखडे सीडी वाचणाऱ्या किरणाला आडवे येतात, हे त्या ‘दोस्तों’वाल्यानं सांगितलेलं तेवढं खरं निघालं. पुसायची, उन्हाकडं धरून बघायची, परत पुसायची. नक्कल करायला लावली. हिरवी पट्टी त्या जागेला आली, तिथं घुटमळली, यंत्रानं आतून कुरकुर केली, आणि पट्टी पुढं सरकली. शेवटापर्यंत गेली. मला आनंद झाला असं सांगितलं तर खोटं होईल. हुश्श झालं.

मायला खुर्ची पुढं ओढून दिली. मालकही दारात येऊन उभे राहिले. पंगत आली. सासूबाई रुसल्या. दादांना ढकललं. दादा पुढं आले, तोंड उघडलं.

आणि आवाज आला तो सनईचा, तिच्यावर चढवलेल्या कुठल्याशा हिंदी गाण्याचा.

तेव्हा सगळे शूटिंगवाले तेच करायचे. मांडवातला आवाज काढून टाकायचे आणि अक्षतांपासून पाठवणीपर्यंत सिनेमाची गाणी चढवायचे. लोकांनाही तेच आवडायचं. मला हे माहीत होतं, आणि इतक्या दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. चित्र थिजायच्या आधीसुद्धा गाणंच वाजत होतं की. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं असणार. मला त्या शूटिंगवाल्याचा, माझा, त्या खोक्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

मायनं हातानंच मला गप राहायची खूण केली.

पडद्यावर दादांनी खिशातली दस्ती काढली होती आणि ती उघडून तोंडावर धरली होती. दस्तीच्या वर नुसते डोळे. दस्ती जरा हलली. सासूबाईंनी टाळी दिली, बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, आणि दादा वळून मांडवातून असे सटकले की वाढप्याच्या हातातली बादली सांडता सांडता राहिली.

“पुना लाव,” माय म्हणाली.

मी पुन्हा लावलं. दस्ती, डोळे, टाळी, पळणं. गाणं आपलं चालूच.

“लाजलेत,” माय म्हणाली.

मी चित्र मागं घेऊन दस्तीवर थांबवलं.

“मेंढराच्या बाजारात शंभर मान्सापुढं भांडायचे ते. कोनाला लाजत नव्हते.” तिनं त्या दस्तीकडं बोट केलं. “घेतलंय. मला न्हाई म्हनले, ते खोटं बोलले.”

हे ती तक्रार केल्यासारखं म्हणाली नाही. दादांबद्दल बोलताना तिचा असा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. मला तिचा हेवा वाटला, खरंच वाटला.

पण माझी सवय जाईना. डोळे पुसत मी म्हणाले, “माय, गाणं वेगळं करून खालचा आवाज काढायचा प्रोग्रॅम असतो म्हणे. मिळतो का बघू?”

“नको,” ती म्हणाली. “ऐकलं मी.”