सासूबाईंचं दगडी घर

२०१७ च्या उन्हाळ्यात ब्रूस द्वीपकल्पावर मी पाडकामात चांगलंच नाव कमावलं. महिन्यातल्या एका शनिवारी टोरांटोहून चार तास गाडी हाणत मी तिथल्या राष्ट्रीय उद्यानात व्हॉलंटियर म्हणून जायची, नारिंगी जॅकेट चढवायची आणि लोकांनी हौसेने रचलेले दगडांचे मनोरे मोडायची.

तिथली जमीन म्हणजे चुनखडीची लांबच लांब फरशी. पाण्याने हजारो वर्षं विरघळवून तिला भेगा आणि भोकं पाडली आहेत. भेगांमधून नेचे डोकावतात, आणि हातभर उंचीचं सीडरचं झाड माझ्या पणजीहून म्हातारं असू शकतं. सुट्या चपट्या दगडांखाली गोगलगायी, कोळी, साप बिऱ्हाड करून असतात. पर्यटक तेच दगड उचलून एकावर एक ठेवतात, फोटो काढतात आणि चालू लागतात. मग आम्ही मनोरा उतरवायचा आणि प्रत्येक दगड आपापल्या जागी ठेवायचा. जागा शोधणं अवघड नसतं, कारण दगड उचलला की खाली त्याच्या आकाराचा फिकट ठसा उरतो.

त्या जुलैत सासूबाई नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. सासरे गेल्यानंतरची ही त्यांची पहिलीच खेप. आम्ही तेव्हा घर शोधत होतो. ‘शोधत’ हा सभ्य शब्द झाला. चार घरांवर ऑफर टाकून चारही वेळा तोंडावर आपटलो होतो. आमच्या भाड्याच्या बेसमेंटच्या खिडकीतून सासूबाईंना शेजाऱ्यांचे फक्त बूट दिसत. पाचव्या घराचं उत्तर नेमकं त्याच शनिवारी दुपारी यायचं होतं. नवरा घरी फोन धरून बसला. सासूबाई घरात बसून जिवाला घोर लावून घेतील म्हणून मी त्यांना सोबत आणलं. गुडघ्यांमुळे त्यांना लांब चालवत नसे. वाटेकडेच्या बाकावर त्यांना बसवलं आणि बजावलं, “आई, इथेच बसा. कशाला हात लावू नका.”

सुनेने बजावलं की सासू ऐकते, हा माझा भाबडेपणा.

तासाभराने सहा मनोरे उतरवून परतले, तर बाकासमोर सातवा उभा. पण याला मनोरा कसं म्हणणार? चांगले दोन मजले, भिंती, वर छप्पर, पुढे उंबरठा. दार पूर्वेला. हे कुणी केलं, असं विचारण्याची सोयच नव्हती. आमच्याकडे डोंगरावरच्या देवाला जाताना लोक वाटेत असे दगड रचतात. रचले की स्वतःचं घर होतं म्हणतात. सासूबाईंनी तरुणपणी रचले होते आणि पुढे नाशिकला फ्लॅट झाला, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावाही तयार होता.

“आई, हे अलाउड नाहीये! मी हेच तर मोडत फिरतेय!”

“मग आजचा दिवस नको मोडूस,” त्या म्हणाल्या. “उत्तर येऊ दे. दुपारपर्यंतचाच तर प्रश्न आहे.”

अंगावर नारिंगी जॅकेट नसतं, तर खरं सांगते, मी पाघळले असते. ते घर मलाही हवं होतं. पण नियम समजावून सांगायला म्हणून मी फिकट ठसा दाखवत खाली वाकले, आणि तिथे साप. पेन्सिलीएवढा, काळसर, गळ्याभोवती पिवळं कडं. बिनविषारी, आणि आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला. आडोसा शोधत तो एकाच जागी घुटमळत होता.

“अगोबाई, याने तर गळ्यात सर घातलाय!” सासूबाई म्हणाल्या. मग त्या ठशाकडे बघून म्हणाल्या, “हा इथे राहायचा?”

“तुमच्या छपराखाली. म्हणजे, त्याच्याच.”

त्यांनी मला बाजूला सारलं. “मी काढलंय, मीच ठेवते.” साप भेगेत शिरेपर्यंत त्या थांबल्या आणि गुडघा धरून वाकल्या. छपराचा मोठा दगड आधी परत गेला. मग बाकीचे. प्रत्येक दगड ठेवताना त्या पुटपुटत होत्या, “ही तुमची खोली. ही पोरंबाळं होतील त्यांची. हा हॉल.” शेवटी हातात एक लहानसा दगड उरला.

“आणि ही?” मी विचारलं.

“खालची खोली. माझी.” त्यांनी तो ठशावर नीट बसवला. “राहू दे गं. मी काय, पाहुणी. पण नाशिकचं घर आताशा खायला उठतं.”

मला लाज वाटली. एजंटला दिलेल्या आमच्या यादीत गॅरेज होतं, मोठं किचन होतं, जवळ ग्रोसरी हवी हेसुद्धा होतं. सासूबाई त्या यादीत कुठेच नव्हत्या.

पार्किंगपर्यंत पोचलो तोच नवऱ्याचा फोन आला. पाचवं घरही गेलं होतं. सासूबाई माझ्याकडे न बघता गाडीत बसल्या आणि पट्टा लावायचा विसरल्या. मी वाकून तो लावला.

“बरं झालं गेलं, आई,” मी म्हणाले. “त्या घरात झोपायच्या सगळ्या खोल्या जिना चढून होत्या.”