साहेबांच्या चार चाली

वसई-विरारच्या हद्दीत माणसं ओळखणारा एकच माणूस आहे आणि तो माझा मावसभाऊ आहे. बाकीचे, आमच्याकडे मतं मागायला येणारे धरून, नुसते चेहरे ओळखतात. हे मी जबाबदारीने लिहिते. पत्रकं लिहून हात बसलेली मुलगी आहे मी, पुराव्याशिवाय बोलत नाही. दादाची ही विद्या मात्र फोनवरच्या एका खेळातून आलेली आहे. त्यात दोन्हीकडून सहा-सहा राक्षस उतरतात, प्रत्येकाला चारच चाली येतात, आणि दादाचं म्हणणं असं की जिंकतो तो तगडे राक्षस गोळा करणारा नव्हे, कामं नीट वाटून देणारा. एकाने उभं राहून मार खायचा, त्याला तो भिंत म्हणतो. एकाने समोरच्याच्या वाटेत काटे पसरायचे, एकाने जखमींना औषध द्यायचं, आणि एकाने सगळी तयारी झाल्यावर शेवटी येऊन सफाया करायचा.

सातिवलीला खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या, तिशी उलटलेल्या माणसाने हे फोनपुरतं ठेवायला हरकत नव्हती. दादाने ते जगाला लावलं. लग्नात वरपक्षाचे रागीट काका दिसले की त्यांच्या शेजारी तो आमच्या ठार बहिऱ्या आजोबांना बसवतो. "किती बोलायचं ते बोलू दे, आजोबांवर परिणाम शून्य." स्वतःसाठी मुलगी बघायला गेला, तर आवडीनिवडी विचारायच्या सोडून यानं विचारलं, "भांडणात तुम्ही आधी उतरता की मागाहून?" मुलगी हसली होती, असं मावशी शपथेवर सांगते, पण तिच्या वडिलांनी अर्ध्या खाल्लेल्या पोह्यांच्या बशा उचलायला घेतल्या. परतताना दादाला दुःख असं नव्हतंच. वडील म्हणजे काय मजबूत भिंत आहे, मुलगी सुखात राहील, असं कौतुकाने सांगत होता.

आपल्या राक्षसांना त्याने घरच्यांची नावं दिली आहेत. एक गलेलठ्ठ, कासवासारखा आहे, त्याला मावशीचं नाव. मावशीने त्यावरून अबोला धरला होता. मग एकदा तिने पाहिलं की समोरचे राक्षस एकामागून एक दमून पडले आणि कासव आपलं पाला चघळत उभंच. तेव्हापासून भाकरी थापता थापता तीच विचारते, "आज टिकले का रे मी?" माझं नाव त्याने एका पेटलेल्या खारीला दिलंय. वार जबरदस्त, पण कुणी फुंकर मारली तरी आडवी. मी निषेध नोंदवला. तो म्हणाला, "अगं, सफाया तूच करतेस. फक्त पहिली उतरू नकोस."

आता अन्याय दिसल्यावर रांगेत थांबायचं असतं का? चंदनसारच्या आमच्या, मावशी-दादाच्याही, इमारतीला जाहिरातीत पाणी होतं, बिलात पाणी होतं, नळात हवा होती. सगळे टँकरवर जगत होतो. मी घोषणा दिल्या, पत्रकं वाटली, पाणीखात्याच्या साहेबांच्या टेबलावर रिकामी कळशी आपटली. साहेबांनी शिपाई बोलावून मला बाहेर काढलं. कळशीला पोचा आला तो वेगळाच.

शेवटी दादाने मोहीम हातात घेतली. साहेबांचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की यांनाही चारच चाली येतात. मग इमारतीतली सहा माणसं निवडली, आणि सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही या अटीवर त्यांत मलाही घेतलं. बाकीच्यांना मागच्या बाकावर राखीव बसवून पहिलं उतरवलं मावशीला, चहाचा थर्मास आणि थालीपिठांचा डबा देऊन, कारण भिंतीला अधूनमधून जीव भरून घेता आला पाहिजे. साहेब म्हणाले, वरूनच पाणी कमी येतं. मावशी म्हणाली, बरं, येईपर्यंत बसते. साहेब म्हणाले, फाईल पुढे गेलीय. मावशी म्हणाली, मग परत येईल ना, बसते. इंजिनियर साइटवर आहेत म्हटल्यावर तिने त्यांच्यासाठी एक थालीपीठ बाजूला काढलं. पुढच्या आठवड्यात या म्हटल्यावर, घरी जाऊन तरी काय करू, पाणी नाही, असं सांगून दुसरा कप ओतला. साहेबांनी घाम पुसला आणि पुन्हा 'वरूनच पाणी' सुरू केलं.

"हे मघाशी झालं, साहेब," मावशी म्हणाली.

दादाने मला कोपर मारलं. मी एवढंच विचारलं, "शेजारच्या इमारतीला त्याच पाइपातून पाणी जातं. मग आमच्या पाइपावरची चावी कुणी बंद केली?"

साहेबांकडे पाचवी चाल नव्हती. चावी उघडायला त्यांनी आमच्यासमोर फोन केला.

पाणी आलं. इमारत नाचली. आणि पाणी आलं म्हणून भाडी वाढली. आम्ही घराचे मालक, आमचं काही बिघडलं नाही; दादा आणि मावशी भाडेकरू. त्यांच्या घरमालकाविरुद्ध मी जळजळीत पत्रक लिहिलं, ते दादाने वाटू दिलं नाही. दोघं सातिवलीच्या मागे एका चाळीत राहायला गेली, जिथे अजून टँकर येतो. टेम्पोत सामान चढवताना मी एकेक डबा रागाने आपटत होते.

"एखादा पडतोच गं," तो म्हणाला. "टीम जिंकली ना?"

मला हे मान्य नाही. लेखी मान्य नाही.

रविवारी मी त्यांच्याकडे जाते, जाताना आमच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून नेते. मावशी त्याचाच चहा टाकते. दादा फोन पालथा ठेवतो, घोट घेतो आणि म्हणतो, आपल्या बिल्डिंगचं पाणी गोड आहे हो, आई. मावशीही मान डोलावते. आणि मी, घशाशी आलेली घोषणा चहाबरोबर गिळून टाकते.