जागेवाल्याचं गाऱ्हाणं

काजूच्या टरफलांच्या तेलाचा उग्र वास आला की रत्नागिरीतला तो इंग्रजांच्या काळातला बंगला डोळ्यांपुढे उभा राहतो. चिऱ्याच्या भिंती, उंच छत आणि समुद्राकडे तोंड केलेल्या व्हरांड्याला नक्षीदार सागवानी कठडा. त्याला वाळवी लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात मी ते तेल चोळायचो, हातांची सालं निघायची. मालकांना मी काका म्हणायचो. "तू हायस म्हणून घर टिकलंय," असं ते चारचौघांत सांगायचे. त्या सकाळी वासे बदलायचेत म्हणून त्यांनी मला बोलावलं. कामगार जमले होते, पायरीवर जागेवाल्यासाठी, म्हणजे त्या जागेच्या राखणदारासाठी, नारळ ठेवला होता. काका गाऱ्हाणं घालू लागले. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची लहानपणापासूनची सवय; मीही हात जोडून म्हणत होतो. "बा जागेवाल्या, ह्यो बंगला आज आम्ही पाडतोय, हितं नवी बिल्डिंग उभी ऱ्हायची हाय, कोणाला दुखापत होऊ देऊ नको रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," मी म्हणून गेलो आणि मग ते शब्द माझ्या डोक्यात शिरले. मी काकांकडे पाहत राहिलो. नारळावरची नजर न काढता ते म्हणाले, "जागेवाल्याशी खोटं बोलून चालत नाय." माझ्याशी मात्र चाललं होतं. आजही कुठं गाऱ्हाणं सुरू झालं, की सगळे व्हय म्हणतात आणि मी ओठ मिटून उभा असतो.